वाद्यवृंदाची बोली

बोली म्हणजे काय, हे वसईकरांना सांगावे लागत नाही. निर्मळ-नंदाखालकडचा सामवेदी, शेजारचा वाडवळ आणि पाचूबंदरचा कोळी एकच मराठी वर्तमानपत्र वाचतात. पण तीच बातमी घरी सांगू लागले की तिघांचा सूर निराळा होतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचेही असेच आहे. चायकोव्स्कीच्या सिंफनीचा छापील कागद लंडनला तोच आणि लेनिनग्राडलाही तोच. परंतु वाजवणाऱ्यांच्या ओठांतून आणि बोटांतून निघणारा ध्वनी दोन्ही गावी एक नसे. रशियन वाद्यवृंदाची ही बोली कशी घडली, कशी मावळली आणि तबकडीने तिच्यातले काय राखले, एवढेच येथे मांडावयाचे आहे. मी संगीतशास्त्री नव्हे. माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले. पण वाद्यवृंद म्हणजे अखेर शंभर कारागिरांचे एक खाते होय, आणि खात्यातले कसब एका हातातून दुसऱ्या हाती कसे जाते, हे पाहण्याची मला सवय आहे.

या कसबाची शाळा जुनी आहे. १८६२ साली अंतोन रुबिनस्टाइन यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे संगीतविद्यालय काढले. १८६६ साली त्यांचे बंधू निकोलाय यांनी मॉस्कोत तेच केले. १८६८ पासून १९१७ पर्यंत पीटर्सबर्गला व्हायोलिन शिकवणारे लेओपोल्ड आउअर हे जन्माने हंगेरीचे. आज जिला आपण रशियन व्हायोलिनची अस्सल परंपरा म्हणतो, तिचा एक मोठा शिल्पकार असा परका होता. यात नवल मानण्याचे कारण नाही. आपल्या सामवेदीतही गुजराती आणि पोर्तुगीज रंग आहेतच. अस्सल याचा अर्थ निर्भेळ असा घेऊ नये. एके ठिकाणी दीर्घकाळ मुरलेले, ते अस्सल.

मुरण्यास वेळ मिळाला तो सोव्हिएत काळात. येव्गेनी म्राविन्स्की हे १९३८ पासून १९८८ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे, लेनिनग्राड फिलहार्मोनिक या एकाच वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते. वादक त्याच विद्यालयांतून आलेले, तालमी कडक, आणि देश सोडून जाण्याची वाट बंद. १९४८ साली शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव यांच्यासारख्या थोर रचनाकारांनाही पक्षाच्या ठरावाने जाहीरपणे दोषी ठरवले गेले. ही बोली टिकली यात गुरुजनांचे जसे श्रेय आहे, तसा दाराला लावलेल्या कुलपाचाही वाटा आहे. श्रमिकांच्या राज्याविषयी आस्था बाळगणाऱ्या माझ्यासारख्याने तरी ही गोष्ट लपवू नये.

मग या बोलीत ऐकावयाचे काय? १९६० साली हा वाद्यवृंद पश्चिम युरोपच्या दौऱ्यावर गेला असता एका जर्मन कंपनीने चायकोव्स्कीची चौथी सिंफनी लंडनला आणि पाचवी व सहावी व्हिएन्नाला मुद्रित केली. पाचवीच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी हॉर्न नावाचे पितळी वाद्य एक लांब चाल वाजवते. पश्चिमेकडील बहुतेक वादक तो स्वर सरळ, स्थिर धरतात. रशियन वादक त्यास गायकाच्या गळ्यासारखा किंचित कंप देतो. ट्रम्पेट धारदार, तंतुवाद्ये भरदार, गज पूर्ण ओढलेला. पितळी वाद्ये एकदम उसळतात तेव्हा अंगावर येतात आणि दुसऱ्याच क्षणी सारा वृंद कुजबुजू लागतो.

या आवाजामागे इतिहासाचे ओझेही आहे. वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये ९ ऑगस्ट १९४२ रोजी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजली. म्राविन्स्कींचा वृंद तेव्हा सैबेरियात नोव्होसिबिर्स्कला हलवलेला होता. गावात उरलेल्या रेडिओ वाद्यवृंदातील उपाशी वादक आणि सैन्यातून बोलावलेले वादक यांना घेऊन कार्ल एलियासबर्ग यांनी ती वाजवली. त्याच युद्धावर आपल्या अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला. १९५३ साली म्राविन्स्कींच्या वृंदाने हीच सातवी सिंफनी मुद्रित केली.

तरी ध्वनिमुद्रिकेवर डोळे मिटून विश्वास टाकू नये. चायकोव्स्कीच्या ‘१८१२’ या रचनेत झारच्या राष्ट्रगीताची चाल आहे. सोव्हिएत आवृत्तीत ती काढून तिच्या जागी ग्लिंकाच्या संगीतिकेतील चाल घातली गेली. म्हणजे वाजवण्याची ढब अस्सल आणि मजकूर मात्र बदललेला! १७३९ साली चिमाजी अप्पांच्या विजयानंतर वसईच्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. धातूचा नाद तोच राहिला, बोलावणे बदलले. तसेच हे झाले.

१९६४ साली तबकड्यांचा सारा सरकारी व्यवसाय ‘मेलोदिया’ या एका संस्थेखाली आला आणि सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांतून तिच्या तबकड्या आपल्याकडेही पोहोचल्या. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. पगार बुडाले, वादक देशोदेशी पांगले, पश्चिमेची वाद्ये आणि पश्चिमेची ढब आत आली. १९६५ पासून मॉस्कोचा सरकारी वाद्यवृंद सांभाळणारे स्वेत्लानोव यांना २००० साली पदावरून दूर केले गेले. हॉर्नचा तो कंप आता क्वचितच ऐकू येतो.

पांगलेल्या परंपरेचा एक धागा मात्र मुंबईस आला. २००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. त्यातील अनेक वादक कझाकस्तानातून, सोव्हिएत वळणाच्या विद्यालयांतून आलेले. पुढे तेथे मुलांसाठी शिक्षणही सुरू झाले. विरार लोकलने चर्चगेटला उतरणाऱ्या माणसाला ही गोष्ट दूरची नाही.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा : खाते मोडले की कसब मरते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि कित्येक कुटुंबे नालासोपारा-विरारला येऊन राहिली. साचेखात्याचा तो आवाज, त्या खडखडाटात हातवाऱ्यांनी चालणारे बोलणे, यांची ध्वनिफीत कितीशी निघाली? रशियनांचे वाद्यवृंद बदलले, पण त्यांचा आवाज उरला, कारण वेळेवर कोणीतरी यंत्र लावले होते. आपल्याकडे सामवेदी लग्नगीते गाणाऱ्या म्हाताऱ्या आणि कोळीवाड्यातल्या जुन्या बँडचे वादक अजून हयात आहेत. यंत्र तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ते काढून त्यांच्यासमोर बसण्याचे काम तेवढे आपल्याला करावयाचे आहे.