पाझराचा माग

1859 साली पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकने तेलाची विहीर घेतली ती ऑइल क्रीक या ओढ्याच्या काठी. ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो, हे तिथल्या सेनेका लोकांना पूर्वापार ठाऊक होतं. जेमतेम 69 फुटांवर ड्रेकला तेल लागलं. पाझर पाहून विहीर घेण्याची ही रीत पुढे जमिनीखालचे थर शोधणाऱ्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाने मागे सारली, पण तिचा वंश खुंटला नाही.

डोळ्यांना दिसणारे पाझर सगळीकडे नसतात. म्हणून 1929 च्या सुमारास जर्मनीत लाउबमायरने जमिनीत मीटर-दोन मीटर खोल भोकं पाडली, त्यांची तोंडं बंद केली आणि आत साठलेल्या हवेतला मिथेन मोजला. साठ्यावरचा खडक कितीही घट्ट असो, हलके वायू बारीक भेगांतून थोडे तरी वर येतातच, हा त्यामागचा विचार. सोव्हिएत संघात सोकोलोव्हने हे काम वाढवलं. अमेरिकेत लिओ हॉर्व्हिट्झ हवेऐवजी मातीच तपासू लागला, कारण कणांना चिकटलेला वायू हवेसारखा सहज उडून जात नाही.

या वंशातली मला सर्वांत आवडणारी शाखा सोव्हिएत संशोधक मोगिलेव्हस्कीची. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्याने थेट जिवाणूंना साक्षीला बोलावलं. मातीतले काही जिवाणू या हलक्या वायूंवरच जगतात. ते जिथे दाट, तिथे खालून पुरवठा चालू असणार. मिथेन दलदलीतही तयार होतो, त्यामुळे त्याच्यावर पोसणारे फसवू शकतात. प्रोपेन हा दुसरा हलका वायू मात्र कुजण्यातून फारसा निघत नाही. म्हणून प्रोपेन खाणाऱ्यांची साक्ष अधिक भरवशाची.

समुद्रात तळाची माती उकरणं सोपं नाही. तिथे पुन्हा तवंगच कामी आला. मेक्सिकोच्या कांपेचे उपसागरात रुदेसिंदो कांतारेल या मच्छीमाराला पाण्यावर तेल दिसलं आणि त्याने ते सरकारी तेलकंपनी पेमेक्सला कळवलं. 1976 मध्ये तिथे तेल लागलं. त्या क्षेत्राला त्याचंच नाव आहे आणि पुढे एके काळी तिथून दिवसाला 20 लाखांहून जास्त पिंपं तेल निघत होतं.

कांतारेलच्या नजरेचं काम आता उपग्रहावरचं रडार करतं. तेलाच्या पातळ थराखाली वाऱ्याने उठणाऱ्या बारीक लाटा दबतात, रडारचे तरंग उपग्रहाकडे परतत नाहीत आणि चित्रात काळा डाग उमटतो. 1991 च्या ईआरएस-1 या उपग्रहानंतर अशी चित्रं नेमाने मिळू लागली. वारा पडलेला असेल तर सगळाच समुद्र काळा दिसतो. जोराचा असेल तर तवंग फाटून जातो. जहाजाने सांडलेलं तेल त्याच्या वाटेवर लांबलचक पट्टा उमटवतं आणि विरून जातं. नैसर्गिक पाझराचा डाग मात्र महिन्यांनी घेतलेल्या चित्रातही त्याच जागेपासून सुरू होतो. तरीही साठा डागाच्या बरोबर खाली असेलच असं नाही. तेल तिरप्या भेगांतून आणि प्रवाहाबरोबर सरकत वर येतं. त्यामुळे डाग सापडला की त्या भागात भूकंपलहरींचं सर्वेक्षण करणारं जहाज पाठवतात, आणि विहिरीची जागा त्यानंतरच ठरते.