चोक, कंदील आणि कृष्णाकाठचं धुकं

सातारा-सांगलीच्या थंडीला काश्मीरची सर नाही, हे मान्य. आपल्या रस्त्यांवर बर्फ साचत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, मोटारींच्या टपावर पांढरा थर दिसतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, तेवढंच. पण या बेतशीर थंडीनंही आपल्याकडच्या गाडीवाल्यांना पुष्कळ शिकवलं. तो इतिहास कुणी ग्रंथात लिहिला नाही. तो गॅरेजात, घाटात आणि उसाच्या रस्त्यांवर घडला.

स्कूटरपासून सुरुवात करू. इटलीच्या पिआजिओ कंपनीशी असलेला बजाजचा करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये ‘चेतक’ आली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली. 1975 मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी काढली. तिचा कारखाना आपल्या साताऱ्यात होता. तिथं ‘प्रिया’ स्कूटर तयार व्हायची. शिक्षक, कारकून, विमा एजंट, दूधवाले अशा माणसांच्या दारात पहिल्यांदाच पेट्रोलवर चालणारं स्वतःचं वाहन उभं राहिलं. आमच्या अब्बांकडेही प्रिया होती. तोवर हिवाळ्यातली पहाट एसटीच्या वेळापत्रकानं ठरायची; आता ती किकवर ठरू लागली.

आणि थंडीत ही किकच दमवायची. पेट्रोल गार पडलं की त्याची वाफ लवकर होत नाही, आणि वाफ झाल्याशिवाय ते नीट पेटत नाही. म्हणून चोक ओढायचा. चोकमुळे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातं. तरीही गाडी रुसली तर ती एका बाजूला कलंडवायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची. त्यातूनही नाही जमलं तर प्लग काढून पुसायचा. सकाळी सहाला गल्लीगल्लीत हा व्यायाम चाले. आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्रीचाचा सांगत, ‘‘गाडी सुरू झाली की लगेच पिळू नका. दोन मिनिटं तिला श्वास घेऊ द्या.’’ वाऱ्यापासून छाती वाचवायला स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायची, हाही त्या काळचाच रिवाज.

चाचांचा दुसरा धडा घाटाचा. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असे. दोन टक्के, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. वाईकडे पसरणी घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर अगदी बंद केला, तर पेट्रोलबरोबर ऑइलही जायचं थांबतं आणि पिस्टन जाम होण्याची भीती. म्हणून उतारावरही मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर थोडा पिळायचा. हे शहाणपण तोंडातोंडी पसरलं.

पण खरी परीक्षा घाटात नव्हती, सपाटीला होती. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्री झपाट्यानं गार होते. थंड, जड हवा डोंगरउतारावरून खोऱ्यात उतरते. तिथं कृष्णेचा आणि पाणी दिलेल्या उसाचा ओलावा तयारच असतो. मग पहाटे धुकं दाटतं. पसरणीच्या वरच्या वळणावर ऊन असतं आणि खाली वाई मात्र दिसत नाही. मी कवितेतला माणूस. या धुक्यावर मीही लिहिलं आहे. पण स्कूटरवर बसलं की त्याच धुक्याचा अर्थ बदलतो.

कारण हाच उसाचा हंगाम. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात. कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यात बैलगाड्या आणि जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. जुन्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. बैलाच्या चालीला आणि मागच्या सायकलवाल्याला तेवढा उजेड पुरे होता. स्कूटरचा वेग आला आणि तो कंदील अपुरा पडला. ट्रॅक्टर आला तेव्हा तर कंदीलही गेला, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवाच उरला नाही.

बी.ए.ला माझ्या वर्गात असलेला एक मित्र डिसेंबरच्या एका पहाटे असाच निघाला होता. रस्त्यात पंक्चर झालेली, उसानं भरलेली ट्रॉली अंधारात उभी होती. तिला दिवा नव्हता, मागं दगड नव्हते की झाडाची फांदी नव्हती. तो वाचला नाही. त्याची स्कूटर पुढं कितीतरी दिवस घराच्या ओट्यापाशी उभी होती.

कायदा नव्हता असं नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनांच्या आणि ट्रेलरच्याही मागं लाल रिफ्लेक्टर लावण्याची तरतूद आहे. बैलगाडी मात्र मोटार वाहन नव्हे; तिथं माणसाच्या समजुतीवरच भिस्त. हंगामात कारखाने, पोलीस आणि तरुण मंडळं ट्रॉल्यांना, गाड्यांना रिफ्लेक्टर लावतात, हे फार चांगलं काम आहे. पण ऊस बाहेर लोंबला की त्याच्या वाढ्याखाली रिफ्लेक्टर झाकून जातो. चिखलानं तो आंधळा होतो. त्यावरून रोज एक फडकं फिरवायला हवं.

1985 मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटरसायकल आली आणि हळूहळू स्कूटरचे दिवस सरले. 2006 मध्ये साताऱ्यात गिअरच्या स्कूटर तयार होणं थांबलं. 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांतून चोकही गेला. ‘चेतक’ त्याच वर्षी विजेवर परतली. गाडी सुरू करण्याची कटकट संपली. धुकं मात्र तसंच आहे आणि ऊसही.

तेव्हा मंडळी, पहाटे निघालात तर हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. हेल्मेटची काच किंचित उघडी ठेवा. दवानं भिजलेल्या पाचटावर ब्रेक दाबू नका. आणि तुमची ट्रॉली रस्त्यात थांबली, तर टायर बघण्याआधी मागं खूण करा. बैलगाडीखालचा तो कंदील मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचीही काळजी वाहत होता. ती काळजी चोकसारखी जुनी होऊ देऊ नये.