सडा (परिसंस्था)

कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर आढळणारे जांभ्या कातळाचे उघडे, सपाट पठार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असे सडे समुद्रकिनाऱ्यापासून जवळ आहेत. साताऱ्याजवळचे कास पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचा समावेश होतो.

सजीव आणि त्यांच्याभोवतीचे माती, पाणी, हवा, ऊन हे सारे मिळून एक एकक मानावे, हा विचार ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये मांडला. त्यालाच परिसंस्था म्हणतात. सड्यावर हे एकक फार स्पष्ट दिसते, कारण तिथे सगळ्याचीच टंचाई असते. माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर. मुसळधार पावसाने दगडातील विद्राव्य द्रव्ये युगानुयुगे वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. म्हणून त्या मातीत नत्र आणि स्फुरद अत्यल्प असते.

या टंचाईला तिथल्या वनस्पतींनी दिलेली उत्तरे विलक्षण आहेत. सीतेची आसवे ही इवलीशी वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म पिशव्यांत बारीक जलचर ओढून घेते. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांत कीटक अडकतात. तरीही या वनस्पती अन्नसाखळीत भक्षक ठरत नाहीत, हे नीट समजून घेतले पाहिजे. ऊर्जा त्या इतर हिरव्या झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशातूनच मिळवतात. कीटकांपासून घेतात ती मुख्यतः नत्र व स्फुरद ही पोषणद्रव्ये. ऊर्जेचा प्रवास एकाच दिशेने होतो आणि प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. पुढच्या पायरीला साधारण एक दशांशच मिळते, असे रेमंड लिंडमन यांच्या १९४२ च्या मांडणीपासून ढोबळमानाने मानले जाते. पोषणद्रव्ये मात्र पुन्हापुन्हा फिरत राहतात. सड्यावर हे चक्र उन्हाळ्यात जवळजवळ थांबते, कारण कोरड्या कातळावर वाळलेले गवत कुजत नाही. पहिल्या सरींनी जिवाणू व बुरशा कामाला लागतात, कातळावरचे नीलहरित शैवाल हवेतील नत्र बांधू लागते आणि गेंद, कवला, तेरडा यांची फुले पाठोपाठ येतात.

खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी हा या परिसंस्थेचा दुसरा आधार होय. आंबोलीचा भेक उथळ डबक्यांत अंडी घालतो. डबके आटण्याआधी पिलांची वाढ पुरी व्हावी लागते. हा भेक आंबोलीच्या परिसराबाहेर क्वचितच आढळतो आणि अतिसंकटग्रस्त गणला जातो.

महसुली दप्तरात सड्याची जमीन बहुधा पोटखराबा म्हणून नोंदलेली असते. कातळ सुरुंगाने फोडून, बाहेरची माती भरून आंब्याची कलमे लावली जातात; चिरेखाणी तर कातळच उचलून नेतात. दोन्हींमुळे खळगे आणि मातीचा पातळ थर नष्ट होतो, आणि तो थर माणसाच्या हयातीत पुन्हा तयार होत नाही. म्हणून कोणत्याही सड्यावर खाणीला वा बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी त्याची पाहणी पावसाळ्यात झाली पाहिजे. उन्हाळ्यातील पाहणीत तिथली बहुतेक जीवसृष्टी दिसतच नाही.