बहिणीचा मान, भावाचा सातबारा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लासुर्ण्याच्या शिवारात दुतर्फा ऊस दिसतो, तेव्हा हा मुलूख असाच हिरवा असणार असं वाटून जातं. मूळचा तो अवर्षणाचा. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला प्रिंगल या अधिकाऱ्याने बसवलेला सारा इतका जड होता की इंदापूर तालुक्यातल्या रयतेने जमिनी टाकून दिल्या, आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांना इथे पुन्हा मोजणी करून तीस वर्षांचा सारा ठरवून द्यावा लागला. मुंबई इलाख्यातल्या रयतवारीचा नमुना असा याच तालुक्यात तयार झाला: सर्व्हे नंबर, त्याचा आकार आणि त्यापुढे सारा भरणाऱ्या खातेदाराचं नाव. हे नाव बहुतेक पुरुषाचंच असे. यात बहिणीवर कुणाचा राग नव्हता, धर्मशास्त्रच तसं होतं. इथे मान्य असलेल्या नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ने बहिणीला वारसांच्या रांगेत बंगाल-मद्रासपेक्षा बरी जागा दिली होती खरी, पण घरात मुलगा असेपर्यंत त्या जागेचा उपयोग नव्हता.

जमिनीत जिला वाटा नाही तिच्यासाठी मग मान होता. सणाला मूळ पाठवायचं, मुऱ्हाळी धाडायचा, आलेल्या लेकीला चार दिवस कामाला हात लावू द्यायचा नाही, परत जाताना साडीचोळी करून ओटी भरायची. भाऊबीजेला ओवाळणी, भाच्याच्या लग्नात मामाचा आहेर. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड साठा गोळा केला, त्यात भाऊ हा फार मोठा नायक आहे, आणि बहीण त्याच्याकडे मागते ती चोळी. शेत मागत नाही. ही माया खोटी होती असं म्हणणं उद्धटपणाचं होईल. सासरी जाच झाला तर परतायला दार एकच होतं, आणि ते उघडं ठेवणं भावाच्या हाती होतं. त्या काळात साडीचोळी ही न मिळालेल्या हक्काची भरपाई होती, आणि कोरडवाहू जमिनीत तो हक्क तरी केवढा असणार?

दोन गोष्टी बदलल्या. आधी पाणी आलं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा झाला, पुढे ऊस आला, १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, नंतर भवानीनगरचा सहकारी कारखाना. ज्वारीच्या पट्टीला बागायतीचा भाव आला. मग कायदा आला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्शात मुलीला वाटा दिला. १९९४ साली महाराष्ट्राने, बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना, तोवर अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद केलं. २००५ साली संसदेने लग्नाची ती अट काढली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असं स्पष्ट केलं. आज साडीचोळी घेऊन बहीण आपला वाटा भावाला लिहून देते. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ते बहिणीचं हक्कसोडपत्र १९५६ च्या आधी असूच शकत नव्हतं. जो हक्क नाही तो सोडणार कसा? पत्र नवं आहे, त्याला नेसवलेली साडी तेवढी जुनी. भरपाईची वस्तू न बदलता मोबदल्याची वस्तू झाली, आणि हा बदल कुणाच्या डोळ्यांवर आला नाही, कारण साडी तीच, भाऊ तोच, ताटातलं निरांजनही तेच.

पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली अशा वागण्याला नाव दिलं. मराठीत त्याला मायाळू दुजाभाव म्हणता येईल: बाईला उंच आसन द्यायचं आणि निर्णयाच्या जागेपासून दूर ठेवायचं. पुढे १९ देशांत पाहणी केल्यावर त्यांना आढळलं की जिथे स्त्रियांबद्दल उघड तुच्छता जास्त, तिथे हा गोडवाही जास्त. आपल्याकडे त्याचा पुरावा फार लांब शोधावा लागत नाही. सही करेपर्यंत जी ‘ताई’ असते, ती वाटा मागताच ‘हावरी’ होते आणि माहेरचं दार लागतं. मान अटीवर होता, हे अट मोडल्यावरच कळतं.

यावर म्हटलं जातं की बहिणी खुशीने सोडतात. काही सोडतात, आणि तो त्यांचा अधिकार. पण वारस नोंद होते बापाच्या मृत्यूनंतर, दुःख ताजं असताना, आणि नकाराची किंमत माहेर असते. अशा वेळच्या खुशीला खुशी म्हणताना अडखळायला हवं. लग्नात खर्च केला, हुंडा दिला, असंही म्हणतात. तो पैसा सासरच्या मांडवात गेला, तिच्या नावावर कुठे लागला? जमिनीचे तुकडे पडतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण चार भावांत वाटणी होते तेव्हाही तुकडेच पडतात, आणि चौथ्या भावाला साडी नेसवून कुणी वाटेला लावत नाही.

या भागात एक तुलना हाताशीच आहे. साखर कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनी कमाल धारणेच्या कायद्यात गेल्या आणि १९६३ पासून शेती महामंडळाकडे राहिल्या. वालचंदनगर-रत्नापुरीचे मळे त्यातलेच. खंडकऱ्यांच्या वारसांनी अर्धशतक मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या, आणि आजोबाची जमीन मागितली म्हणून त्यांना कुणी हावरं म्हटलं नाही. वाडवडिलांच्या मातीवरचा जीव असं त्याचं कौतुक झालं, ते योग्यच झालं. त्याच मातीवर त्याच घरातल्या लेकीचा जीव असेल, ही कल्पना मात्र अजून अवघड जाते. इंदापूरच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीपुढे टंकलेखकाकडे हक्कसोडाचा मजकूर तयारच असतो: राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला. खाली अंगठा किंवा सही, दोन साक्षीदार. साडीचा उल्लेख त्यात कुठेही नसतो.