अंकावाचून पत्ते

पत्ते म्हटले की इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर ही चार चिन्हे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्या पानांवर राजा नाही, राणी नाही, दुरी-तिरीही नाही. केवळ फुले, पाखरे आणि चंद्र आहे, असे पत्ते जपानी लोक सुमारे दोन शतके खेळत आले आहेत. त्यांस 'हानाफुदा', म्हणजे फुलांचे पत्ते, असे म्हणतात. पत्त्यांवरील अंक पुसले कसे गेले, याची कथा मोठी उद्बोधक आहे.

जोडी जुळविण्याचा छंद जपानात पत्त्यांहून पुरातन होय. तेथील सरदार घराण्यांत शिंपल्यांचा खेळ असे. एका शिंपल्याची दोन दळे एकमेकांशीच बरोबर बसतात, दुसऱ्या कोणाशीही बसत नाहीत. या गुणामुळे ३६० शिंपल्यांचा चित्रांकित संच दांपत्यनिष्ठेचे प्रतीक म्हणून वधूबरोबर सासरी पाठविला जाई.

पत्ते मात्र आले ते समुद्रमार्गे. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी गोवा. गोव्याहूनच निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमास पोहोचले. या दर्यावर्दी लोकांच्या भाषेने आपल्याला 'पाव' दिला, तसा जपान्यांस त्याच अर्थाचा 'पान' हा शब्द दिला. आणि 'कार्ता' या पोर्तुगीज शब्दापासून पत्त्यांना जपानीत 'कारुता' हे नाव पडले. तो जोड ४८ पानांचा होता : चार रंग, प्रत्येकी बारा पाने.

पत्त्यांमागोमाग जुगार आला आणि जुगारामागोमाग बंदी. १६३९ साली पोर्तुगीजांना जपानातून घालवून दिले गेले, पण पत्ते गेले नाहीत. तोकुगावा राजवटीने वारंवार मनाई करावी आणि लोकांनी पत्त्यांचे रूप पालटून खेळावे, असे चालले. या लपंडावातूनच अंक नसलेले फुलांचे पत्ते रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पानांची संख्या ४८ च राहिली. मात्र चार रंगांची बारा-बारा पाने होती, तेथे बारा महिन्यांची चार-चार पाने झाली. पत्त्यांचे जणू पंचांगच झाले!

जानेवारीस चीड वृक्ष व क्रौंच, मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवताच्या तुऱ्यांवर उगवलेला पूर्णचंद्र, सप्टेंबरला शेवंती, ऑक्टोबरला मेपलची लाल पाने आणि हरीण, असा हा क्रम आहे. नोव्हेंबरच्या वाळुंजाखाली छत्री घेऊन उभा आहे तो दहाव्या शतकातील थोर सुलेखनकार ओनो नो तोफू. फांदीकडे पुनःपुन्हा झेपावणारा बेडूक पाहून त्याने चिकाटीचा धडा घेतला, अशी आख्यायिका आहे.

दोघांनी खेळावयाचा 'कोई-कोई' हा डाव असा : प्रत्येकास आठ पाने वाटावयाची, आठ मध्ये उघडी मांडावयाची, उरलेली चोवीस पालथी ठेवावयाची. हातातील पान उघड्या पानांपैकी त्याच महिन्याच्या पानाशी जुळले, तर दोन्ही आपली. न जुळल्यास ते तेथेच सोडावयाचे. मग गड्डीतील वरचे पान उलटून तसेच करावयाचे. जिंकलेल्या पानांतून ठरावीक मेळ साधावयाचे असतात. रानडुक्कर, हरीण आणि फुलपाखरू हा त्यांतला एक. मेळ साधताच गुण घेऊन डाव थांबवावा, अथवा 'कोई-कोई', म्हणजे 'ये, ये', असे म्हणून अधिक गुणांसाठी पुढे खेळावे. मध्येच प्रतिपक्षाचा मेळ साधला तर हातचे जाते. लोभ आणि संयम यांची कसोटी ती हीच.

दुसरी परंपरा काव्याची. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका याने शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडली. तिच्या पत्त्यांच्या खेळात वाचक कविता म्हणू लागतो आणि खेळाडू तिच्या उत्तरार्धाचे पान झडप घालून उचलतात. स्पर्धेत प्रत्येकापुढे २५ पाने असतात. प्रतिपक्षाच्या बाजूचे पान उचलले की आपले एक पान त्याला द्यावयाचे, आणि ज्याची बाजू आधी रिकामी होईल तो विजयी. सात कविता तर पहिल्या अक्षरावरूनच ओळखता येतात. म्हणून शंभर कविता मुखोद्गत असूनही कान तीक्ष्ण नसेल तर हार ठरलेली.

१८८० च्या दशकात फुलांच्या पत्त्यांवरील बंदी उठली आणि १८८९ साली क्योतो येथे फुसाजिरो यामाउची यांनी ते पत्ते बनविण्याचा व्यवसाय मांडला. तीच पेढी आज 'निन्तेन्दो' या नावाने विद्युत्-खेळांकरिता जगभर ओळखली जाते. परंतु फुलांचे पत्ते छापणे तिने सोडलेले नाही.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० वाटोळ्या पानांवर विष्णूचे दहा अवतार विराजमान झाले. जपान्यांनी आपल्या पानांवर बारा महिने बसविले. समाजाला जे प्रिय असते, ते त्याच्या ग्रंथांत सापडते तसे त्याच्या खेळण्यांतही सापडते. राजाज्ञेने पत्ते जप्त करता येतात. परंतु पहिला बहर केव्हा येतो आणि पाने केव्हा लाल होतात, ही लोकांच्या मनातील जाण कोणत्या आज्ञेने जप्त करावी? फुलांचे पत्ते टिकले ते या जाणिवेच्या आश्रयाने.