पंख गळल्यावर

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. बुलढाण्यात पहिले एक-दोन पाऊस पडून गेले की संध्याकाळी अंगणातल्या दिव्याखाली हे खरंही वाटतं. पालींची चंगळ होते, सकाळी केरात पंखच पंख. (त्यातले बरेचसे वाळवीचे, ते सोडा.) नर एवढ्यात संपतात. वाचलेली मादी मात्र आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि मातीत शिरते. पुढचं कुणाला दिसत नाही, म्हणून म्हणही तिथेच थांबली.

मुंग्यांकडे बारकाईनं पाहणाऱ्यांचंही असंच झालं. कर्नल विल्यम साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत पार खानदेशापर्यंत फिरला. शेजारचं आपलं वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं. पुण्यात ऐन पावसाळ्याच्या तोंडावर त्याला गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. भिजलेलं बी मुंग्यांनी बिळातून वर आणून उन्हात वाळत घातलं होतं. १८३५ साली त्यानं हे छापलं. मुंग्या धान्य साठवतात ही जुनी दंतकथाच, असं तेव्हा युरोपातले बडे अभ्यासक मानत होते. त्यांच्याकडच्या थंड मुलखातल्या मुंग्या साठवत नव्हत्या ना! वऱ्हाडातल्या कुठल्याही खळ्यावर हा वाद मिनिटभर टिकला नसता.

पण साइक्सनं पाहिलं ते भरलेलं घर. ते उभं कसं राहिलं, हे बाहेरून कळणं शक्य नव्हतं. राणी एकटी वसाहत वसवते, की तिला आधीच्या कामकरी मुंग्या लागतात? याचं उत्तर मिळायला कुणीतरी ती घरात वाढवावी लागली. जॉन लबक हा लंडनचा बँकवाला, खासदार आणि डार्विनचा शेजारी. १८७६च्या ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःच्या बागेत उडणाऱ्या मुंग्यांच्या दोन जोड्या धरल्या आणि ओली माती, पाणी, खाणं देऊन ठेवल्या. हिवाळा सरला, नर मेले. एप्रिलमध्ये अंडी दिसली आणि जुलैत पहिली कामकरी मुंगी. राणीला कुणाची मदत नव्हती. याच लबकनं दुसऱ्या जातीची एक राणी १८७४ पासून १८८८ पर्यंत सांभाळली. म्हणीतल्या मरणाला एवढा उशीर!

माझी पद्धत याहून साधी. टेस्ट ट्यूबच्या तळाशी पाणी, त्यावर कापूस, मग मुंगळ्यांची राणी आणि तोंडाशी पुन्हा कापूस. खायला काही घालायचं नाही. उडण्याचे स्नायू आता निकामी. ते शरीरातच जिरतात आणि त्यांवर ती पहिली पोरं पोसते. पहिल्या वर्षी मी रोज कपाट उघडून बॅटरीच्या उजेडात पाहायचो. तिसऱ्या आठवड्यात अंड्यांचा पुंजका नाहीसा झाला. घाबरलेली राणी अंडी खाते, हे मला नंतर कळलं. तिची शिदोरी तेवढीच होती. दुसऱ्यांदा अंडी घालायला अंगात काही उरलं नव्हतं. ती दिवाळीआधी मेली, आणि ते माझ्यामुळे.

पुढच्या वर्षी ट्यूब काळ्या फडक्यात गुंडाळली आणि आठवड्यातून एकदाच पाहायचं ठरवलं. दीडेक महिन्यानं कोशांशेजारी एक कामकरी उभी होती, नेहमीच्या मुंगळ्याच्या निम्मीही नाही. साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला. ती बराच वेळ प्यायली, पोट फुगलं, मग वळली आणि राणीच्या तोंडाला तोंड लावून उभी राहिली.