उपशामक सेवेतील समाजकार्यकर्ता
असाध्य आजाराच्या रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला मानसिक, सामाजिक आणि आर्थिक आधार देणारा, पॅलिएटिव्ह केअर पथकातील प्रशिक्षित सदस्य. या सेवेचे मूळच समाजकार्यात आहे. सिसिली सॉन्डर्स लंडनमध्ये रुग्णालयीन समाजकार्यकर्त्या असताना डेव्हिड तास्मा या मरणासन्न रुग्णाशी त्यांचा स्नेह जुळला. १९४८ मध्ये मरताना त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह, उभारले. वेदना शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची एकत्रच असते, ही त्यांची मांडणी. मॉर्फिनने तिचा एकच भाग शमतो.

मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. अशा ठिकाणी गावाहून आलेल्या कुटुंबाच्या निवाऱ्याची सोय, सरकारी योजनेची कागदपत्रे, बँक खात्यावर वारसाची नोंद ही समाजकार्यकर्त्याची रोजची कामे. सर्वांत नाजूक काम वेगळेच. ‘बाबांना काही सांगू नका,’ असे मुलगा दाराबाहेर बजावतो आणि आत बाबांना सारे कळलेले असते. दोघांना एकमेकांशी बोलते करायला घाई चालत नाही. रुग्ण गेल्यावरही घरच्यांची विचारपूस सुरू राहते. एकट्या पडलेल्या पत्नीचे निवृत्तिवेतन आणि मुलांची शाळा तेव्हाच ऐरणीवर येतात.